जोडीदाराच्या भेटीसाठी पर्यटक-व्हिसा

परदेशी राहणाऱ्या पतीला, पत्नीला किंवा वाग्दत्त जोडीदाराला भेटावयास निघालेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने बहुधा पर्यटकच असते. नायगाराचा धबधबा पाहावयास जाणारा हौशी प्रवासी आणि दोन वर्षांत ज्याचे तोंड पाहिले नाही अशा नवऱ्याच्या घरी महिनाभर राहावयास जाणारी स्त्री, या दोघांनाही एकच प्रपत्र भरावे लागते, एकच शुल्क द्यावे लागते आणि एकाच खिडकीपुढे उभे राहावे लागते. अल्प मुदतीसाठी ‘जोडीदाराची भेट’ असा स्वतंत्र वर्ग बहुतेक देशांच्या कायद्यांत नाही. ती भेट पर्यटनात किंवा पाहुण्यांच्या सर्वसाधारण वर्गात मोडते. यातून व्यवहारात एक विलक्षण अडचण उभी राहते. धबधबा पाहून झाला की प्रवासी परत येतो, कारण धबधब्याशी कोणी संसार थाटत नाही. जोडीदाराकडे जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र जाण्याचे जे कारण, तेच न परतण्याचेही कारण ठरू शकते. व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याचे सारे लक्ष या एका गोष्टीवर खिळलेले असते, आणि अर्ज करणाऱ्याला ती बहुधा ठाऊक नसते.

एक भेद आरंभीच स्पष्ट करावयास हवा. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने प्रत्येक माणसाला स्वतःच्या देशासह कोणताही देश सोडून जाण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क मान्य केला आहे. दुसऱ्याच्या देशात प्रवेश करण्याचा हक्क त्यात नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात परदेशगमन हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला, आणि १९७८ सालच्या मनेका गांधी प्रकरणात पारपत्र काढून घेताना शासनाने न्याय्य कार्यपद्धती अनुसरलीच पाहिजे हे तत्त्व प्रस्थापित झाले. म्हणजे स्वतःच्या घराच्या दारातून बाहेर पडताना भारतीय नागरिकाच्या पाठीशी राज्यघटना उभी असते. पलीकडच्या दाराशी पोहोचल्यावर मात्र तो केवळ विनंती करणारा असतो. पारपत्र नाकारले तर न्यायालयात दाद मागता येते. व्हिसा नाकारला तर कोठे दाद मागावयाची, हे ज्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते, आणि या बाबतीत देशादेशांत पुष्कळ अंतर आहे.

अमेरिकेतील गृहीतक

अमेरिकेची पद्धती सर्वांत आधी पाहणे सोयीचे, कारण तेथे हा प्रश्न कायद्याच्या शब्दांतच उघडपणे मांडलेला आहे. १९५२ सालच्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व अधिनियमातील कलम २१४ (बी) असे सांगते की, प्रवेश मागणारा प्रत्येक परकीय नागरिक हा कायमचे वास्तव्य करावयास आलेला आहे असेच मानले जाईल. तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने सिद्ध केले पाहिजे. फौजदारी खटल्यात आरोपीला आधी निर्दोष मानतात आणि दोष सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. येथे भार उलट बाजूला आहे. अर्जदाराविषयी शंका घेण्यास अधिकाऱ्याजवळ काही पुरावा असावा लागत नाही. शंका कायद्यानेच घेऊन ठेवलेली असते.

पर्यटक कोणाला म्हणावे याची व्याख्याही त्याच अधिनियमात आहे. परदेशात ज्याचे निवासस्थान आहे आणि ते सोडून देण्याचा ज्याचा हेतू नाही, असा तात्पुरता आलेला माणूस तो पर्यटक. हेतू ही मनातील गोष्ट. ती कागदावर दाखविता येत नाही. म्हणून अधिकारी हेतूऐवजी परिस्थिती पाहतो: पक्की नोकरी, चालता व्यवसाय, शेतीवाडी, अर्धवट राहिलेले शिक्षण, सांभाळावयाचे आईवडील, मागे राहणारी मुले. माणसाला मायदेशी ओढून आणणारे हे धागे एका पारड्यात पडतात आणि तिकडे राहणारा जोडीदार दुसऱ्या पारड्यात. पंचविशीतील, नुकतीच पदवी घेतलेली, नोकरी नसलेली विवाहित तरुणी जेव्हा या तराजूत बसते, तेव्हा पहिले पारडे जवळजवळ रिकामे असते. तिच्या सचोटीवर हा ठपका नव्हे. तिच्या वयाचा आणि स्थितीचा तो परिणाम होय.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून तीन स्त्रियांची कल्पना करावी.

पहिली विजयवाड्याची. तिचा पती संगणक अभियंता असून एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर टेक्ससमध्ये आहे. तिला पर्यटक-व्हिसा मागण्याचे कारणच नाही. पतीच्या व्हिसाला जोडून एच-४ हा व्हिसा तिला मिळू शकतो, आणि या वर्गाला वर सांगितलेले गृहीतक लागू होत नाही. आपण परत येणार आहोत हे तिला सिद्ध करावे लागत नाही.

दुसरी जालंधरची. तिचा पती कॅलिफोर्नियात मालमोटार चालवितो. त्याच्याजवळ ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तो तेथील कायमचा रहिवासी आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर गावी येऊन त्याने लग्न केले आणि पत्नीसाठी स्थलांतराचा विनंतिअर्ज दाखल केला. कायम रहिवाशांच्या पत्नी, पती व मुले यांना दरवर्षी किती व्हिसा द्यावयाचे याची संख्या कायद्याने ठरविलेली आहे. त्यामुळे पाळी येईपर्यंत थांबावे लागते. ही प्रतीक्षा कधी थोडक्यात संपली आहे, तर कधी कित्येक वर्षे चालली आहे. दरम्यान महिनाभर तरी जाऊन यावे म्हणून ही स्त्री पर्यटक-व्हिसा मागते, तेव्हा प्रपत्रातील एका प्रश्नाशी तिला थांबावे लागते: आपल्यासाठी कोणी स्थलांतराचा विनंतिअर्ज केला आहे काय? उत्तर ‘होय’ असेच आहे. आपण एक दिवस तेथे कायमचे राहावयास जाणार हे तिच्याच पतीने लिहून दिलेले आहे. आता या खेपेपुरते आपण परत येऊ, हे तिला पटवून द्यावयाचे असते. असे पटविणे कायद्याने अशक्य नाही, कारण विनंतिअर्ज दाखल आहे एवढ्यानेच नकार द्यावा असा नियम नाही; पण ते अतिशय कठीण आहे.

तात्पुरत्या नोकराची पत्नी लगेच जाते आणि कायम रहिवाशाची पत्नी मागे राहते, या विसंगतीचे समर्थन करणे अवघड आहे. ती अमेरिकी काँग्रेसच्याही ध्यानात आली होती. २००० साली संमत झालेल्या एका अधिनियमाने ‘व्ही’ नावाचा नवा व्हिसा निर्माण केला. ज्यांचे विनंतिअर्ज तीन वर्षे किंवा अधिक काळ पडून आहेत, अशा पत्नी, पती व मुलांनी उरलेला काळ अमेरिकेतच आपल्या माणसांजवळ घालवावा, अशी ही योजना होती. परंतु २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेल्या विनंतिअर्जांपुरतीच ती मर्यादित ठेवण्यात आली. त्यानंतर दाखल झालेल्यांना तो मार्ग कधी खुला झाला नाही.

येथे विवाहाच्या तारखेला किती महत्त्व आहे तेही सांगावयास हवे. हाच मालमोटार-चालक ग्रीन कार्ड हाती पडण्यापूर्वी विवाहित असता, तर अनेक वर्गांत त्याच्या पत्नीला त्याच्याच पाळीत, त्याच्या मागोमाग जाता आले असते. लग्नाचा मुहूर्त काही महिने पुढे गेला म्हणून कित्येक जोडपी वर्षानुवर्षे दुरावली आहेत. मुहूर्त काढणाऱ्यांना या पंचांगाची माहिती असण्याचे कारण नाही. पण ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती करून घेतलेली बरी. पतीने पुढे अमेरिकी नागरिकत्व घेतले तर संख्येची मर्यादा उरत नाही. नागरिकत्वासाठी मात्र सर्वसाधारणपणे पाच वर्षांचे कायम वास्तव्य लागते.

तिसरी कोट्टायमची. तिचे लग्न अद्याप व्हावयाचे आहे. वाग्दत्त वर जन्माने मलयाळी पण अमेरिकेचा नागरिक आहे. वाग्दत्तांसाठी १९७० साली निर्माण झालेला ‘के’ वर्गाचा व्हिसा आहे. त्यावर गेलेल्या व्यक्तीने ९० दिवसांत विवाह केला पाहिजे. शिवाय अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत उभयतांची प्रत्यक्ष गाठ पडलेली असली पाहिजे, अशी अट १९८६ सालापासून आहे. ज्या समाजात विवाहापूर्वी वधूवरांनी भेटू नये अशी कडक रूढी आहे, तेथे या अटीतून सूट मागता येते. पण कोट्टायमच्या या तरुणीला इतक्यात लग्न करावयाचे नाही. ज्या घरी आणि ज्या गावी आयुष्य काढावयाचे ते एकदा डोळ्यांनी पाहावे, त्याची माणसे कशी आहेत ते समजून घ्यावे आणि मग होकार पक्का करावा, एवढीच तिची इच्छा आहे. अशा कारणासाठी पर्यटक-व्हिसा मागणे बेकायदेशीर आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेत वाग्दत्ताच्या कुटुंबीयांना भेटणे, विवाहाची बोलणी करणे, इतकेच काय पण तेथे विवाह करून ठरल्या मुदतीत परत येणे, हेही पर्यटक-व्हिसाचे योग्य प्रयोजन मानलेले आहे. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीच्या अविवाहित सहचराचीही त्यात सोय आहे. प्रयोजन वैध आहे. अडचण परतण्याच्या पुराव्याची आहे.

याउलट, पर्यटक म्हणून प्रवेश करावयाचा, लगेच विवाह करावयाचा आणि तेथेच ठाण मांडावयाचे, हा मार्ग धोक्याचा आहे. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत असे वर्तन घडल्यास व्हिसा मागताना खोटा हेतू सांगितला गेला असे अनुमान काढण्याची सूचना २०१७ सालापासून वकिलातींना दिलेली आहे.

खिडकीपुढील काही मिनिटे

भारतात अमेरिकी व्हिसाच्या मुलाखती दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद येथे होतात. अर्जदार कागदपत्रांची जाडजूड फाईल घेऊन जातो. जमिनीचे उतारे, बँकेची खातेपत्रके, मूल्यनिर्धारकाकडून करविलेले घराचे मूल्यांकन, सोन्याच्या पावत्यासुद्धा. काचेपलीकडचा अधिकारी त्यांतील एकही कागद न पाहता तीन-चार प्रश्न विचारून निर्णय देतो, तेव्हा अर्जदार चकित होतो. मुळात अधिकाऱ्याने प्रपत्रातील उत्तरे आधीच वाचलेली असतात. मुलाखतीत तो त्या उत्तरांना बोलणाऱ्या माणसाचा आधार आहे की नाही एवढेच ताडून पाहतो. कोणाकडे जाणार, तो तेथे काय करतो, ओळख कशी झाली, किती दिवस राहणार, इतके दिवस रजा कोणी दिली, या प्रश्नांची उत्तरे लहान आणि सरळ असावीत. पाठ केलेले भाषण चटकन ओळखू येते.

जोडीदाराने पाठविलेल्या निमंत्रणपत्राविषयी भारतात अवास्तव श्रद्धा आढळते. नोटरीकडून साक्षांकित केलेली, तांबड्या शिक्क्याची पत्रे समुद्रापलीकडून मागविली जातात. अमेरिकी पर्यटक-व्हिसासाठी अशा पत्राची आवश्यकता नाही, असे खुद्द परराष्ट्र खाते सांगते. पतीचे वेतन कितीही मोठे असले तरी पत्नी परत येईल हे त्यावरून सिद्ध होत नाही. तिला परतण्याची गरज नाही एवढेच फार तर सिद्ध होते. म्हणून जो पुरावा द्यावयाचा तो अर्जदाराच्या स्वतःच्या आयुष्याचा हवा. शाळेत शिक्षिका असलेल्या स्त्रीने उन्हाळ्याच्या सुटीत जाण्याचे ठरवावे, शाळा उघडण्याच्या तारखेचा उल्लेख असलेले रजामंजुरीचे पत्र जवळ ठेवावे आणि मुक्काम त्या तारखेच्या आत संपवावा. परीक्षा द्यावयाची असेल तर तिचे वेळापत्रक जवळ असावे. बँकेतील शिल्लक मोठी असण्यापेक्षा ती हळूहळू साचलेली असणे महत्त्वाचे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम भर पडलेली दिसली, की ती उसनवारीची असल्याचा संशय येतो, आणि बहुधा तो खराच असतो.

सर्वांत नाजूक प्रश्न सत्याचा आहे. तिकडे जोडीदार आहे हे सांगितले तर व्हिसा मिळणार नाही, म्हणून ते नाव गाळावे, ‘मैत्रिणीकडे जाते’ असे सांगावे किंवा सरळ स्थळदर्शनाचा कार्यक्रम दाखवावा, असा सल्ला दलाल देतात. क्वचित हितचिंतकही देतात. हा सल्ला घातक आहे. अमेरिकी प्रपत्रात तेथे राहणाऱ्या निकटच्या नातलगांविषयी प्रश्न असतो आणि त्यात पती, पत्नी, मुले, भावंडे यांच्याबरोबर वाग्दत्ताचाही स्पष्ट समावेश आहे. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मिळविण्याचा प्रयत्न केल्यास अमेरिकी कायद्यानुसार कायमची प्रवेशबंदी लागू होते, आणि विशेष सूट मिळाल्याखेरीज ती उठत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या अर्जानंतर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. पर्यटक-व्हिसाचा नकार हा पुसता येणारा डाग आहे. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. खोट्या उत्तराचा डाग मात्र पुढे जेव्हा खरोखरच संसारासाठी जाण्याची पाळी येते, त्या दिवशी आडवा येतो. महिनाभराच्या भेटीसाठी बोललेल्या असत्याने जन्माची भेट अडवावी, असे घडलेले आहे.

अमेरिकेत नकारावर अपील नाही. नकार देताना कलमाचा क्रमांक छापलेला एक कागद हाती ठेवण्यात येतो. शुल्क परत मिळत नाही. वकिलातीतील अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालयांनी सहसा हात घालू नये, हा तेथील जुना दंडक आहे. २०२४ साली ‘परराष्ट्र खाते विरुद्ध मुन्योझ’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याहीपुढे जाऊन असा निर्णय दिला की, आपल्या परकीय जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत घटनात्मक हक्क अमेरिकी नागरिकालाही नाही. तो खटला कायम वास्तव्याच्या व्हिसाचा होता. संसारासाठी येणाऱ्या पतीविषयी जेथे ही भूमिका, तेथे महिनाभराच्या पाहुण्याची कथा काय!

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये जोडीदारांच्या प्रवेशाचा इतिहास भारतीयांसाठी अधिक कटू आहे. १९६२ सालच्या राष्ट्रकुल स्थलांतर अधिनियमापर्यंत भारतीयांना तेथे जावयास फारसे निर्बंध नव्हते. त्यानंतर दार हळूहळू बंद होत गेले, आणि कामगारांचा ओघ थांबल्यावर संशयाचा रोख त्यांच्या बायकामुलांकडे व वाग्दत्त वधूवरांकडे वळला. पत्नीला प्रवेशपत्रासाठी भारतातच दीर्घकाळ ताटकळावे लागे. वाग्दत्त वधू मात्र तीन महिन्यांत विवाह करण्याच्या अटीवर, आधी परवानगी न घेता विमानतळावर उतरू शकत असे. या फटीतून विवाहित स्त्रिया वाग्दत्त म्हणवून घुसतात, असा अधिकाऱ्यांना संशय होता. १९७९ सालच्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी उतरलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची याच संशयापोटी कौमार्यतपासणी करण्यात आली. पुढील महिन्याच्या आरंभी ही बातमी वृत्तपत्रात आली, भारतात तीव्र संताप उसळला आणि ती प्रथा बंद करण्यात आली. हा प्रकार एकटादुकटा नव्हता. भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्याचे २०११ साली उजेडात आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून दिसून आले. परतण्याच्या किंवा विवाहाच्या हेतूवरील अविश्वास माणसाला कोठवर नेऊ शकतो, याचे याहून लाजिरवाणे उदाहरण शोधावे लागेल.

१९८० च्या दशकात ‘मुख्य उद्देशा’चा नियम कडक झाला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या स्त्रीशी विवाह करणाऱ्या परदेशी पुरुषाने आपल्या विवाहाचा मुख्य उद्देश तेथे वास्तव्य मिळविणे हा नाही, असे सिद्ध करावे लागे. नसलेला उद्देश सिद्ध करावयाचा, ही किमया फार थोड्यांना साधली. १९८५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ व इतर यांच्या प्रकरणात पत्नींना एक नियम आणि पतींना दुसरा, हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. सरकारने भेद काढून टाकला तो पतींना सवलत देऊन नव्हे, तर पत्नींवरही तीच बंधने लादून. अखेर १९९७ साली हा नियम रद्द झाला. दरम्यान १९८६ पासून भारतीयांना अल्प भेटीसाठीही व्हिसा घेऊनच जाणे भाग पडले होते.

कुटुंबीयांना भेटावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या अपिलाचा हक्कही तेथे येत-जात राहिला आहे. १९९३ साली तो गेला, २००० साली परत मिळाला आणि २०१३ साली पुन्हा काढून घेण्यात आला. आज नकार मिळाल्यास नव्याने अर्ज करणे हाच सामान्य माणसाचा उपाय उरतो. सध्याच्या नियमांप्रमाणे पाहुण्याचा मुक्काम सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असतो, आणि एकामागून एक भेटी घेऊन प्रत्यक्षात तेथेच घर केल्याचे दिसले तर पुढचा व्हिसा नाकारता येतो. भेटीत तेथेच विवाह करावयाचा असेल तर त्यासाठी निराळा व्हिसा आहे. साध्या पाहुण्याच्या व्हिसावर विवाह उरकता येत नाही.

लेखी कारणे

युरोपातील शेंगेन देशांची पद्धती या बाबतीत पुष्कळच सुसह्य आहे. २०१० सालापासून लागू असलेल्या व्हिसा-संहितेने २९ देशांना आज एकच नियम लागू होतात: १८० दिवसांच्या काळात अधिकाधिक ९० दिवसांचा मुक्काम, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, आणि सामान्यतः १५ दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय. नकार द्यावयाचा झाल्यास ठरावीक नमुन्यावर कारण लिहून द्यावे लागते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. संहितेत दिलेल्या कारणांखेरीज अन्य कारणाने नकार देता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०१३ साली कुशकाकी प्रकरणात सांगितले; मात्र अर्जदार मुदतीत परत जाईल की नाही याविषयी वाजवी शंका असणे हे त्या कारणांतच बसते, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. तराजू तोच, पण तो निदान उजेडात धरलेला आहे.

येथे जोडीदाराच्या कागदालाही काही किंमत आहे. जर्मनीत राहणारा यजमान आपल्या गावच्या परकीय नागरिक कचेरीत जाऊन पाहुण्याचा सर्व खर्च आपण सोसू असे हमीपत्र देऊ शकतो. उत्पन्नाची छाननी करून कचेरी ते प्रमाणित करते. फ्रान्समध्ये नगरपालिकेकडून निवासाचा दाखला घ्यावा लागतो. भारतीय पत्नीचा पती स्वतः युरोपीय संघाचा नागरिक असून आपला देश सोडून संघातील दुसऱ्या देशात राहत असेल, तर गोष्टच बदलते. २००४ सालच्या निदेशानुसार अशा पत्नीला व्हिसा विनामूल्य आणि त्वरेने द्यावा लागतो, कारण तेथे ती पतीच्या संचारस्वातंत्र्याची वाटेकरी असते. गंमत अशी की जर्मन पती बर्लिनमध्ये असता तिला जे सिद्ध करावे लागते, ते तो व्हिएन्नात राहावयास गेल्यास करावे लागत नाही.

विवाहाचा दाखला नसलेल्या जोडप्यांचा प्रश्न २०२० साली एकाएकी जगापुढे आला. त्या वर्षीच्या महामारीत सीमा बंद झाल्या. पती-पत्नींना काही ठिकाणी प्रवेश होता, पण अविवाहित जोडीदार ‘पर्यटक’ ठरून बाहेर राहिले. आपले येणे हे पर्यटन नव्हे, अशी तक्रार त्यांनी अनेक देशांत केली. त्या उन्हाळ्यात काही युरोपीय देशांनी त्यांच्यासाठी दार किलकिले केले. डेन्मार्कने प्रथम छायाचित्रे व खाजगी पत्रव्यवहार सीमेवर दाखविण्याची अपेक्षा ठेवली. त्यावर टीका झाल्यावर सहीचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले. जर्मनीने ऑगस्टमध्ये परवानगी देताना उभयतांची जर्मनीत एकदा तरी भेट झालेली असावी किंवा परदेशी एकत्र निवास असावा अशी अट घातली. ज्यांची पहिलीच भेट व्हावयाची होती ते या अटीत बसले नाहीत.

भारतातील काही जोडप्यांना मात्र महामारी नसतानाही हीच स्थिती कायमची आहे. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यामुळे अशा जोडीदारांना येथील विवाहाचा दाखला मिळू शकत नाही, आणि पत्नी किंवा पती म्हणून मिळणारे व्हिसा त्यांना येथून मागता येत नाहीत. त्यांच्यासाठी पर्यटक-व्हिसा हा कित्येकदा भेटीचा एकमेव मार्ग उरतो. तो मागताना नाते उघड करावे लागते. घरी जे सांगितलेले नाही ते खिडकीपलीकडच्या परक्या माणसाला सांगावे लागते.

जेथे हा खटाटोप निष्फळ ठरतो तेथे जोडपी बहुधा उलट वाट धरतात. परदेशी नागरिक असलेला जोडीदारच भारतात येतो. अनेक देशांच्या नागरिकांना २०१४ सालापासून इलेक्ट्रॉनिक पर्यटक-व्हिसा घरबसल्या मिळू लागला आहे, आणि त्यासाठी मुलाखत द्यावी लागत नाही. दोघांचे प्रेम सारखेच असले तरी पारपत्रे सारखी नसतात. या भेटींचेही कागद जपून ठेवावेत: विमानाच्या तिकिटांची शिल्लक, एकत्र प्रवासाच्या पावत्या, तारखा. पुढे वाग्दत्ताचा किंवा पत्नीचा व्हिसा मागताना नाते खरे असल्याचा तोच पुरावा ठरतो.

व्हिसा हाती आल्यावरही तो प्रवेशाची हमी नसतो. विमानतळावरील अधिकारी पुन्हा विचारपूस करतो आणि मुक्कामाची मुदत तोच ठरवितो. अमेरिकेचा पर्यटक-व्हिसा भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो, म्हणून एका खेपेस वाटेल तितके राहता येते अशी समजूत करून घेऊन अनेकांनी मुदत ओलांडली आहे. खरी मुदत प्रवेशाच्या नोंदीत असते आणि ती सहसा सहा महिन्यांची असते. ठरल्या दिवशी परतलेल्या पाहुण्याची नोंद मात्र पुढच्या खेपेस उपयोगी पडते. शेंगेन देशांनी एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी हे नियमानेच मान्य केले आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरून परतलेल्या भारतातील रहिवाशाला पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक खेपांचा, व त्यानंतरचा पाच वर्षांचा मिळू शकतो. पारपत्राची मुदत मात्र तेवढी शिल्लक असली पाहिजे.